पान सापडले नाही

एकतीस वर्षं मी पानं चिकटवली.
वर्तमानपत्रात दाबून, रोज कागद बदलून,
देठाला दोऱ्याचा टाका, कोपऱ्यात चिठ्ठी :
नाव, गाव, उंची, तारीख, कोणी आणलं.
डांबरगोळ्यांचा वास अजून माझ्या पदराला येतो
असं सून म्हणते. म्हणू दे.

आता पाषाणला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत
शार्दूल घोटवडेकर नावाच्या मुलाशेजारी बसून
मी वेगळी पानं दाबते.
सातासमुद्रापलीकडच्या एका सरकारनं
आपल्या डोंगरांना, पाखरांना पैसे दिले होते,
त्याचा हिशेब त्यांच्या संकेतस्थळावर आहे.
शुक्रवारी रात्री बाराला ते बंद होणार.
कारण दिलेलं नाही.
"मावशी, पटपट," शार्दूल म्हणतो, "नऊ हजार पानं आहेत."
कीबोर्डवर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर.

बेडकांची मोजणी, आंबोली : मिळाली.
धनेशाच्या ढोल्या, देवरुख : मिळाल्या.
खोकडांसाठी गवताळ माळ, सासवडच्या पुढे :
अर्धाच. नकाशा उघडत नाही.

मग वेल्ह्याकडची देवराई.
फोटोत अंजनीचं जुनं झाड, बुंध्याला टेप लावून
उभे बबन ढेबे, डोळे मिटलेले,
नेमके तेव्हाच मिटलेले.
खाली छापलंय : स्थानिक सहाय्यक, एक.
चुरगळलेलं पान नुसतं हुंगून
जात सांगायचे ते, आम्ही पुस्तकं चाळत असताना.
मी फायलीच्या नावात त्यांचं नाव घातलं.
नियमात बसत नाही, शार्दूल म्हणाला.
बसव.

तिसरा हप्ता : प्रक्रियेत.
तारीख सहा वर्षांपूर्वीची.
परिशिष्ट चारवर बोट ठेवलं, तर पांढरा पडदा,
आणि त्यांच्या भाषेत एक ओळ :
पान सापडले नाही.

ढेबेंना फोन लावला. वारा, शेळ्या, मग आवाज.
"कुठलं पान हरवलं, बाई? अंजनीचं?
ती पडली की परवाच्या साली.
बुडातून फुटवा आलाय, गुडघ्याएवढा.
पाहिजे तर देतो आणून."
जरा थांबून,
"त्या हप्त्याचं काय झालं वो?"

प्रक्रियेत आहे, मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते. शुक्रवारनंतर तर
तो कायमचाच प्रक्रियेत राहणार,
शार्दूलच्या काळ्या डबीत, तारखेसकट,
कोणी विचारलंच तर बोट ठेवून दाखवता येईल असा.

"हे कोरं पानही ठेवायचं?
यात काहीच नाहीये."
ठेव.
किडीनं खाल्लेलं पानही आम्ही तसंच चिकटवायचो,
भोक कुठं होतं ते कळायला हवं म्हणून.

खाली गिरणी थांबली.
एकदम कळलं, इतका वेळ आपण ओरडून बोलत होतो.
अजून सहा हजार सातशे.