तीन बोटं

शमसाआत्या म्हणाली होती, पाणी कमी घाल.
मी ऐकलं नाही.
वीस वर्षं मस्कतमध्ये टँकर चालवलेला माणूस मी,
पाणी हातात आलं की ओतायचं, एवढंच ठाऊक.
चार रोपं गेली.
उपटली तर मुळं हातात आली
भिजून कुजलेल्या सुतळीसारखी.

पाचवं जगलं. त्याचं श्रेय मला देऊ नका.
त्याच सुमाराला घाटात गाडी बंद पडली
आणि मी खाली निझवात अडकलो, अकरा दिवस.
वर आलो तर ते होतं.
गेलो तेव्हा होतं, त्याहून जरा जास्तच होतं.

ह्या आमच्या डोंगराला हिरवा डोंगर म्हणतात.
कुणाची तरी थट्टा असावी.
दगड, दगडाच्या कुशीत दगड,
आणि मधेच कुठे एखादं अलअलान.
(सरकारी पाटीवर जुनिपर लिहिलंय.)
अर्धं वाळलेलं, अर्धं जितं,
कुठल्या अर्ध्याची कीव करायची
ते उमगू न देणारं.

पाऊस दोन-तीन वर्षं फिरकला नाही
की ते आपलीच एक फांदी निवडतं
आणि तिचं पाणी तोडतं.
बाकीच्या हिरव्या राहतात, तिच्या शेजारी.
आत्याला विचारलं, कशी निवडत असेल गं?
ती डाळिंबं निवडत बसली होती.
म्हणाली, आम्ही सात भावंडं होतो.
आणि पुढचं डाळिंब उचललं.

बी असं सहज रुजत नाही.
पाखराच्या पोटातून फिरून यावं लागतं त्याला.
म्हणून बुलबुल बसतात त्या कड्याखाली
गुडघे टेकून मी त्यांची वाळकी घाण वेचली,
परातीत घेऊन निवडली, तांदूळ निवडावेत तशी.
मुहन्ना, माझा थोरला, हसून हसून बेजार.
अननसाच्या रिकाम्या डब्यांत पेरलं.
पहिला हिवाळा काही नाही.
दुसऱ्या हिवाळ्यात नखाएवढं काहीतरी,
ते गवत निघालं.
मग त्या गवताच्या आडोशाला, ते.

कोवळेपणी टोचतं फार. अंगभर सुया.
वय झालं की पानं खवल्यांसारखी मिटतात,
हात फिरवावा इतकं मऊ होतं.
माणसाचं उलट असतं, मुहन्ना म्हणतो.
असेल. पण मी आत्याला म्हातारी होताना पाहिलंय.

शेळ्यांसाठी वर मोडक्या पलंगाची जाळी टाकली.
दुपारच्या अंगाला दगड रचले हातभर उंच;
पहाटे धुकं येतं ते दगडांवर ओलं होतं,
ओघळतं, बुंध्यापाशी एक काळा डाग उमटतो
आणि सात वाजायच्या आत नाहीसा होतो.
त्याला तेवढं पुरतं.
मला ते पुरेसं वाटायला सहा वर्षं लागली.

नाव ठेवू नकोस इतक्यात, आत्या म्हणायची,
नर की मादी ते पंधरा वर्षं कळत नाही.
त्याआधी ती गेली. सफर महिन्यात, झोपेतच.
उंची तीच मोजायची, बोटं आडवी लावून:
दोन वर्षांत तीन बोटं.
माझी जाड आहेत, अडीचच भरतात.
म्हणून मी मोजतो, आणि मग मनात
अर्धं बोट तिचं घालतो.

ह्या उन्हाळ्यात पश्चिमेकडची एक डहाळी तांबूस झाली.
तीच ती, निवडलेली, की नुसतं ऊन लागलंय?
मी घरात गेलो. पाण्याचा डबा भरला.
येऊन त्याच्यासमोर उकिडवा बसलो.
बराच वेळ.
दगडांची सावली माझ्या पायापर्यंत आली,
मुहन्नाने दोनदा हाक मारली.

मग ते पाणी मीच प्यायलो.