आत तबकडी नाही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
सुक्या बांगड्यांशेजारी एल.पी.चं रिकामं कव्हर.
क्लेमेंत म्हणाला, गाणं नाही, अर्ध्यात ने.
मी बोर्ड रंगवतो. मला अक्षरं पुरतात.

रोमी अक्षरं, जाड बुडाची,
ओहोटीत कललेल्या होड्यांसारखी;
ओच्या डोक्यावर नाकातल्या स्वराची एवढीशी लाट.
आणि एकच रेघ:
ट्रम्पेटच्या तोंडातून निघते,
वादकाचा गाल फुगवते, कोपरात वळते,
नावापाशी येता येता पातळ होते.
शाई संपत आली असणार.
त्यानं कुंचला पुन्हा बुडवला नाही.

मागे बारीक टायपात वादक, छापखाना,
पेडण्याचा कुणी तबलजीसुद्धा.
चित्रकार नाही.

रात्री कोऱ्या पत्र्यावर
श्वास धरून ती रेघ ओढली.
गालापर्यंत जमली.
मग श्वास सोडावा लागला.