रकाना नऊ

फॉर्मवर अकरा रकाने आहेत.
नाव, उच्चार, कशाचं: डोंगर, घळ, ओहोळ, चढण.
आणि नवव्यात सांगणारे. किमान दोन.
एकट्याने घेतलेलं नाव हे नाव नव्हे,
असं लुगोच्या कचेरीचं म्हणणं.

विलारेदोत आता दोनच चुली पेटतात.
एक देल्मिरोची, वरच्या अंगाला.
एक एर्मितासची, खाली ओढ्याकाठी.
आणि दोघांतून विस्तव जात नाही
पाटाच्या पाण्यावरून, सदतीस वर्षं.
(त्या पाटात आता पाणीही नाही.)

म्हणून मी सकाळी वर, दुपारी खाली,
गळ्यात रेकॉर्डर, बुटांत गालिसियाचा चिखल.

देल्मिरो डोंगर हनुवटीने दाखवतो.
बोट रोखलं की त्यांना राग येतो म्हणे.
"ते पेना आगुदा. त्याच्या काखेत बाल एस्कुरो."
बाल म्हणजे इथे दरी. काळोखी दरी,
मार्च उजाडेपर्यंत ऊन तळाला टेकत नाही.
"तो रेगो दा रोशा. रोशा आमची गाय, तांबडी.
आजोबांच्याही आधीची. तिथे पडली."
गाय गेली, ओहोळ अजून तिच्याच नावावर.
सरकारी नकाशात हे सगळं एकसारखं हिरवं,
मध्ये एक आकडा: ११८६.

एर्मितास चेस्टनट सोलता सोलता
तीच नावं उलटी सांगते; ती खालून वर चढते.
तिची रोशा पडली नाही, ढकलली.
कोणी?
"ज्यांच्या राईत शिरली त्यांनी."
म्हणजे वरच्यांनी.
मी लिहून घेते. भांडणालाही जागा आहे,
रकाना सात: आख्यायिका.

तिसऱ्या दिवशी देल्मिरो थंड झऱ्याच्याही पलीकडे घेऊन गेला.
वाट संपली. मग फर्न, कमरेएवढे.
मग कड्यात एक पोकळी,
दोन माणसं पावसाला चुकवून बसतील एवढी.
"ह्याला?" मी सवयीने विचारलं.
त्याने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.
"कोवा दो रेलोशो."
घड्याळाची घळ? इथे घड्याळ कुठलं?
"मला काय ठाऊक. म्हणतात."

कोण म्हणतात?
चर्चच्या वहीत नाही. जमिनीच्या उताऱ्यांत नाही.
मोन्फोर्तेच्या वृद्धाश्रमात गावचे दोघे आहेत,
फोनवर म्हणाले, असलं काही ऐकलं नाही बुवा.
मी पेन्सिलीने लिहिलं: साक्षीदार एक.
म्हणजे बाद.

तरी निघायच्या आदल्या संध्याकाळी
एर्मितासपुढे फोटो ठेवला, नाव न सांगता.
तसा नियमच आहे.
तिने चष्मा पुसला. फोटो लांब धरला, मग जवळ.
चुलीत एक चेस्टनट तडकला.
"कोवा दो रेलोशो."
का म्हणतात?
"पूर्वीपासून म्हणतात. लिही तू."

लिहिलं. रकाना नऊ भरला.
सातव्यात काही घातलं नाही.
रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला, तेव्हा म्हणाली,
"फर्न फार माजलेत का गं तिथे?"

कमरेएवढे, मी म्हटलं.

तिने मांडीवरची सालं गोळा केली
आणि बराच वेळ मुठीतच धरून बसली.