कोका

माझं पदक कोकावर आलं.
कोका म्हणजे बाटलीतलं नव्हे. ज्युदोतला सगळ्यात लहान गुण:
समोरची पाठीवर पडली नाही, कुशीवरही नाही,
नुसती बुडावर बसली,
आणि पंचाला वाटलं, हं, काहीतरी झालं खरं.

अल्माटी. चार मिनिटांची लढत.
मंगोलियाची ओयुना, माझ्याहून वीतभर उंच,
माझी कॉलर तिने अशी धरलेली
जशी जत्रेत आई पोराचं मनगट धरते.
अकरा सेकंद उरले असताना मी खाली शिरले,
ओढली, ती टेकली.
फलकाच्या पार उजव्या टोकाला एक आकडा पेटला.
तेवढ्यावर ब्राँझ.
तेवढ्यावर गोदीत नोकरी, खेळाडूंच्या कोट्यातून,
आणि शिवडीला वन रूम किचन.

त्याआधी भायखळा, चर्चमागचा हॉल,
लाकडाच्या भुशाने भरलेल्या गोण्या, वर ताडपत्री,
तिच्या शिवणीत पायाचं बोट अडकायचं.
सहा महिने मिस्किटा सरांनी कुणाला हात लावू दिला नाही.
नुसतं पड. उठ. पड.
‘जमीन तुला मारणारच आहे वैती,
तू तिला आधी मार.’
बाबा विचारायचे, एवढी फी भरून
पोरगी पडायला शिकते?

अठ्ठेचाळीस किलो.
गौरीच्या जेवणाला मी ताटासमोर बसून बर्फ चघळला,
सहा वर्षं.
वजनाच्या आदल्या रात्री बाटलीत थुंकत बसायचे,
साठ ग्रॅम, ऐंशी ग्रॅम,
खोलीतली नागालँडची पोरगी तिच्या बाटलीत.
आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो नाही,
हसलं की तोंड कोरडं पडतं.

लग्नात कासाराने माझी बोटं दाबून पाहिली
आणि हात परत माझ्या मांडीवर ठेवला.
म्हणाला, या हातावर बांगडी चढायची नाही.

मग कधीतरी नियम बदलले. कोका काढून टाकला.
सरांनी फोनवर सांगितलं, आवाज उतरवून,
जसं कुणाचं तरी कळवतात.
मी फाईलची नाडी बांधत होते. म्हटलं, बरं.
संध्याकाळी मात्र कपाट उघडून पदक पाहिलं,
ते होतं तेवढंच जड होतं.

आता अठ्ठावन्न.
गेल्या रविवारी भाऊच्या धक्क्यावर, उजाडताना,
बर्फाचं पाणी, खवले, कुणाचा तरी दोर,
आणि पाय गेला.
पुढचं मी केलं नाही.
हनुवटी आपणहून छातीला लागली,
बूड टेकलं, पाठ गोल झाली, कूस आली,
आणि डावा हात फरशीवर असा सपाट बसला
की ट्रॉलरवरचा खलाशी जाळं सोडून बघू लागला.
पाटीमागची बाई म्हणाली, ‘कुनाला मारलंस गो?’

उजव्या हातातली पिशवी तशीच वर.
तीन पापलेटं, एकाचंही शेपूट मोडलं नव्हतं.

पडल्या पडल्या मी हिशेब केला, सवयीने.
पाठ नाही. बूड आधी.
म्हणजे कोका.
धक्क्याचा, माझ्यावर.
मोजणारं कुणी नव्हतं, पण होता तो कोकाच.

उठले. ओढणी कमरेला आवळली, गाठ पुढे.
आणि मान थोडी वाकली, त्या ओल्या घाणेरड्या फरशीला,
एवढीशी,
कुणाला दिसली नसावी.

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, पिशवीत पाहिलं,
दोन बोंबील वर टाकले.
कशाबद्दल, ते तिने सांगितलं नाही.
मीही पैसे मोजण्यात गढून गेल्यासारखं केलं.