पडला तिथून

देवळालीच्या मैदानावर मार्चमध्ये गवत नसतं.
असतो मुरूम,
आणि कुणाच्या तरी फटक्याने पडलेल्या खळग्यात
अगदी आरामात बसलेला माझा चेंडू.

बुटाच्या टोकाने त्याला जरा
हिरवळीकडे सरकवणार, तेवढ्यात
लहानू पगारे खोकला.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या वाहून
उजवा खांदा उतरलेला माणूस.

"पडला तिथून, साहेब.
वजन डाव्या पायावर. हात पुढं.
उचलायला जाऊ नका त्याला,
तो काय हिरीत पडलाय?
नुसतं टेकवा, आन् त्या पिवळ्या पानापाशी सोडा.
पुढचं उताराला ठावं."

पहिला फटका जमिनीलाच बसला.
दातांपर्यंत झणझणलं.
दुसरा थेट पलीकडच्या बाभळीत.
दूर कुठेतरी सरावाची तोफ धडाडली.
लहानू म्हणाला, "त्यांचाबी लांब गेला."

तिसरा पानाच्या अलीकडेच पडला,
रेंगाळला, वळला,
भोकापासून हातभर राहिला.
लहानू काही बोलला नाही. पिशवी उचलली.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
एकतीस वर्षं नोटा मोजल्या,
एकही कमी भरली नाही.
हे हातभर अंतर मात्र
घरापर्यंत मोजत आलो.