बेचाळीस गेज

क्लास बंद पडला तेव्हा
गंजगोलाईच्या मागं मोईज मणियारच्या भंगारात
टॅब किलोवर आले.
सात इंची, त्रेसष्ट नग,
एका पोत्यात, कांद्यासारखे.
मी काच शाबूत बघून चार निवडले.
पाचवा त्यानं वर टाकला, कोथिंबिरीच्या काडीसारखा.

चालू केला की एकच पाटी:
सत्र संपले. शुल्क भरा.
खाली दोन बटणं. भरा. नंतर.
कुणाला भरायचं?
ज्या इमारतीवर गुणवंतांचे फोटो लटकत होते
तिथं आता लग्नाच्या साड्यांचा सेल आहे.
टॅबला हे कुणी कळवलेलं नाही.

दिवसा मी मोटारी भरतो.
जळकी तार उपसायची, नवी घालायची,
वेढे मोजायचे,
मधेच कुणी बोललं की परत एकपासून.
रात्री शटर अर्धं ओढून हे.
बायको म्हणते, काय करलालाव हो, मेलेल्याला उठवून?
मी म्हणतो, मेलेलं नाही गं ते.
कुलूप लावून मालक पळालाय.

उघडायला गरम हवेचं मशीन लागतं म्हणे.
आमच्याकडं मे महिना आहे.
दुपारी पत्र्यावर पालथा ठेवायचा, बारा मिनिटं,
तेराव्याला बॅटरी फुगायला लागते.
मग एस.टी.चा जुना पास कडेनं हळूहळू सरकवायचा.
भाकरी तवा सोडते तसा
गोंद आधी काठ सोडतो.

आत फारसं काही नसतं.
निम्मी जागा बॅटरीची, उरलेली चिकटपट्टीची.
एका कोपऱ्यात दोन ठिपके, राळ्याच्या दाण्याहून बारीक,
बनवणाऱ्यानं स्वतःच्या सोयीला ठेवलेले,
शेजारी नाव न लिहिता.
ते एकमेकांना टेकवून त्याच क्षणी वायर खोचली
तर कुलूप आपण कुलूप आहोत हे विसरतं.
टेकवायला तार केसाएवढी हवी.
ती माझ्याकडं किलोनं आहे.
बेचाळीस गेज.

पहिला मी मारला.
नवी प्रणाली अठ्ठ्याहत्तर टक्के आत गेली होती
आणि लाईट गेली.
अशा टॅबला या नादातले लोक वीट म्हणतात.
भट्टीवाला सुदाम कुरे हातात घेऊन म्हणाला,
आमची निदान भिंतीत तरी जाते.

दुसरा उठला, पण उलटा.
उजवीकडं बोट लावलं की डावीकडं उमटायचं.
वर म्हणावं तर खाली.
तीन रात्री मी आरशातल्या माणसासारखा वागलो
आणि सकाळी दुकानाचं कुलूप उलट्या बाजूला फिरवत बसलो.
शेवटी सापडलं. एका ओळीत एक उणे चिन्ह राहिलेलं.
ज्यानं ती प्रणाली लिहिली तो कोणत्या मुलखातला, माहीत नाही.
त्याच ओळीशेजारी त्यानं लिहून ठेवलंय:
हे का चालतं मला कळत नाही, हात लावू नका.
मी लावला.

आता तो काउंटरवर असतो. वेढे मोजतो.
यंत्राच्या मुठीला चुंबक बांधलंय,
एक फेरा, एक आकडा.
मोजताना माझ्याशी कुणीही बोलावं आता.
आणि बोलतात.
इतकी वर्षं गिऱ्हाइकं गप्प बसायची,
मला वाटायचं, धाक आहे आपला.
आता मलाच उत्तरं सुचत नाहीत.

तिसरा भाच्याकडं. चौथ्याची काच
मी स्वतःच, घाईत, पासाच्या टोकानं.

पाचव्याच्या पाठीवर व्हाइटनरनं लिहिलंय:
शर्वरी टोंपे, बॅच ब, खोली २१४.
खाली बारीक अक्षरात: रविवारी रात्री मेस बंद.
तो अजून तसाच आहे.
महिन्यातून एकदा चार्जिंगला लावतो,
बॅटरी बसू नये म्हणून.
तो उजळतो. शुल्क मागतो.
मी नंतर दाबतो.
तोही ऐकतो, मुकाट्यानं काळा होतो.

ठिपके त्यालाही असणारच.
तार आहे.
मे संपायला अजून अकरा दिवस आहेत.