हलवता येतं का

उत्तरेचा वारा, म्हणून फेरी बंद.
बियाण्याच्या खोलीत आम्ही सातजण अडकलो
तेव्हा ओतिलिया लेपियो म्हणाली,
बसलोच आहोत तर आज जागा ठरवून टाकू.

जागा म्हणजे बोलण्याची.
बटाट्याच्या पानावर काळा डाग पडला
तर या बेटावरच्यानं त्या बेटावरच्याला कुठं विचारायचं,
आणि मिळालेलं उत्तर
पुढच्या लागवडीला पुन्हा कुठं शोधायचं.
आजवर सगळं फोनवर होतं:
शंका आजची, तिच्यावर उद्याचे वाढदिवस,
परवाची मयत, कुणाची तरी हरवलेली मेंढी.
खणून काढायला कुदळ लागावी.

मी कास्त्रोचा, शाळेतले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा.
एवढ्या भांडवलावर इथला तज्ज्ञ.
लॅपटॉपमध्ये तीन सॉफ्टवेअर घेऊन आलो होतो,
मुलगी दाखवायला आणावी तशी एकेक पुढे केली.

पहिलं फुकट. गोंडस, गोल कोपऱ्यांचं.
बेलार्मिनोनं चष्मा पुसला. फुकट कोण देतं?
कंपनी.
तिला काय मिळतं?
तुम्ही, मी म्हणालो.
त्यानं येर्बाचा पेला न बोलता पुढे सरकवला.

दुसरं फार हुशार.
पदं, पायऱ्या, बिल्ले, नियमांचे पोटनियम.
नेल्बा म्हणाली, मला एवढंच विचारायचंय
की माझ्या जांभळ्या वाणाला यंदा फुलं का नाहीत.
त्यासाठी मी कोण, हे किती वेळा सांगू?

तिसरं म्हातारं.
करड्या रंगाची लांबलचक यादी, वर शोधायची एक चौकट.
रडतखडत येणाऱ्या नेटवरही चालणारं.
कुठल्याशा देशातल्या दोघातिघांनी लिहून
उघडं ठेवलेलं,
उलट्या बाजूची शिवण दिसावी असं.

मग वाद.
किल्ल्या कुणाकडे? ज्याच्या हाती ससा तो पारधी.
शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर कुणी काढायचं,
आणि तो एखाद्याचा मेहुणाच निघाला तर?
दीड तास मेहुण्यावर गेला.
नाव कुणी घेतलं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं.

ओतिलिया इतका वेळ कोंब खुडत बसलेली.
मान वर न करता म्हणाली,
हे हलवता येतं का?

मला कळलं नाही.

माझं घर खाली होतं, ती म्हणाली, भरतीच्या रेषेपाशी.
समुद्र उंबरा चाटायला लागला तेव्हा हाक दिली.
साठ माणसं आली, बैलांच्या आठ जोड्या.
खाली ओंडके सारले, दोर बांधले,
आणि घर चालायला लागलं.
आत कपाटात बशा तशाच.
घड्याळ थांबलं नाही.
मांजर खिडकीत बसून सगळा रस्ता बघत होतं.
रात्री टेकडीवर, त्याच चुलीवर,
साठ माणसांचं रांधलं मी.
आम्ही बांधतानाच विचारतो, पोरा,
जमिनीत किती रुतवायचं.

मी शोधलं. तिघंही बघत होते खांद्यावरून.
पहिल्यातून काहीच निघत नव्हतं,
जे बोलाल ते तिथंच पुरलेलं.
दुसऱ्यातून निघत होतं, पण नावं गळून:
उत्तरं होती, कुणी दिली ते नव्हतं.
तिसऱ्याला एक साधं बटण.
सगळं एका फाइलीत. कोण, कधी, कुणाला.

फेरी चौथ्या दिवशी सुटली.
जागेत पहिला आला तो मेहुणा,
आपल्याला बैठकीला का बोलावलं नाही याची तक्रार घेऊन.
तिच्याखाली एकवीस उत्तरं आहेत.
नेल्बाच्या फुलांना अजून एकही नाही.

दर महिन्याच्या शेवटी मी ते बटण दाबतो,
फाइल एका डबीत घालून
बियाण्याच्या खोलीत, पोत्यांमागच्या फळीवर ठेवतो.
ओतिलिया कोंब खुडता खुडता विचारते,
उचललं का?
उचललं.
सगळं?
सगळं.
ती थोडी थांबते.
मांजर?